कीर्तिमंदिराच्या चार भिंती

सुरतेहून बडोद्यास जाणे आम्हां सुरतवासी मराठी मंडळींस नवे नाही. कोणाची सोयरीक तिकडची, कोणाचे शिक्षण तिकडचे, कोणाचे देवघर अजून तिकडच्या काकांकडे. सकाळच्या गाडीने जावे आणि रात्री तापीकाठी परतावे, असा हा प्रवास. गेल्या हिवाळ्यात मंडळाच्या सात-आठ सभासदांसमवेत आम्ही गेलो तेव्हा मात्र लग्नकार्य नव्हते की दुखवटा नव्हता. ठरवून एकच वास्तू पाहावयाची होती. ती म्हणजे विश्वामित्रीजवळचे कीर्तिमंदिर.

आमच्यासोबत एक वयोवृद्ध सभासद होते. नाव देत नाही. त्यांना ते आवडणार नाही. त्यांच्या घरात चार पिढ्या संस्थानी नोकरी झाली आणि गेली कित्येक वर्षे ते आपल्या घराण्याचा कुलवृत्तान्त सिद्ध करीत आहेत. त्यातील काही प्रकरणे ह्या पत्रिकेत प्रसिद्ध करावीत, असे आमचे आणि त्यांचे ठरलेले आहे. मधल्या दालनात येऊन त्यांनी चारही भिंती पाहिल्या, चष्मा पुसून पुन्हा पाहिल्या आणि थोड्या नाराजीनेच विचारले, "पण ह्यांत आपले सरकार कोठे आहेत?"

प्रश्न साधा होता, परंतु आम्हांपैकी कोणापाशी त्याचे उत्तर नव्हते. हा लेख त्या प्रश्नापायी लिहिला आहे.

कीर्तिमंदिर तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी बांधविले, १९३६ साली. गायकवाड घराण्यातील दिवंगतांचे ते स्मारक. बाजूच्या खोल्यांत पूर्वजांचे संगमरवरी पुतळे आणि तसबिरी आहेत. तेथे आमच्या वृद्ध मित्रांचे समाधान झाले. मधल्या उंच शिखरावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी ब्राँझमध्ये घडविली असून पृथ्वीवर अखंड हिंदुस्थानचा नकाशा आहे. जुन्या दानपत्रांत 'यावच्चंद्रदिवाकरौ' असे लिहीत, त्याचीच ही धातूत घडविलेली आवृत्ती म्हणावयाची. आकाशातील सूर्यचंद्र जागच्या जागी राहिले; नकाशा मात्र अकरा वर्षांत पालटला.

मधल्या दालनाच्या भिंती नंदलाल बसूंनी रंगविल्या, १९३९ ते १९४६ ह्या काळात. चार भिंती आणि चार विषय: गंगावतरण, मीरेचे चरित्र, नटीची पूजा आणि अभिमन्युवध. पिलाजीराव नाहीत, दमाजीराव नाहीत, पानिपत नाही, सोनगडचा किल्ला नाही. ज्यांनी मंदिर उभारले ते सयाजीरावही नाहीत. राजघराण्याच्या कीर्तीचे मंदिर आणि त्याच्या गाभ्यात त्या घराण्यातील एकही माणूस नसावा, हे कसे?

राजे लोक आपल्या वास्तूत काय रंगवून घेतात, हे जगात पुष्कळ ठिकाणी पाहावयास मिळते आणि ते बहुधा छतावर असते. छताची एक खुबी आहे. ते पाहण्यासाठी मान मागे टाकावी लागते आणि त्या अवस्थेत माणसास वाद घालता येत नाही. लंडनमध्ये व्हाइटहॉल राजवाड्याच्या बँक्वेटिंग हाउसचे छत ह्याचे ठळक उदाहरण. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स ह्याने रूबेन्सकडून नऊ चित्रे करवून घेतली आणि ती १६३६ साली तेथे बसविली. (कीर्तिमंदिराच्या बरोबर ३०० वर्षे आधी. निव्वळ योगायोग, पण नमूद करावासा वाटतो.) मधल्या लंबवर्तुळात चार्ल्सचा बाप पहिला जेम्स स्वर्गारोहण करीत आहे. इतरत्र त्याच्या राज्यातील शांती, सुबत्ता, दोन राज्यांचे एकीकरण ह्या सर्वांना मानवी रूपे दिली आहेत. दिव्यांच्या धुराने चित्रे काळवंडू नयेत म्हणून दरबारचे नाट्यप्रयोग पुढे त्या दालनात होईनासे झाले. राजाने स्वतःच्या करमणुकीहून बापाच्या स्वर्गाची अधिक काळजी घेतली. ३० जानेवारी १६४९ रोजी त्याच दालनातून, त्याच छताखालून चार्ल्सला बाहेरच्या वधस्तंभाकडे नेण्यात आले.

रूपकाविषयी आम्ही जो विचार करीत आहो तो येथे सुरू होतो. रूपकात दाखवावयाचे एक आणि सांगावयाचे दुसरे. डोईवर न्यायाची मूर्ती रंगविली म्हणजे 'आम्ही न्यायी आहो' असे सांगितले जाते, इथवर स्तुतिपाठकाचे काम. परंतु सांगितलेली गोष्ट भिंतीला चिकटून राहते आणि सांगणारा बदलतो, चुकतो, मरतो. आमच्या सुरतेच्या पेढ्यांची भाषा वापरावयाची तर रूपक ही हुंडी आहे. लिहून देताना प्रतिष्ठा मिळते. वटविण्यासाठी कोण आणि केव्हा दारात उभा राहील, हे लिहिणाराच्या हाती नसते. चार्ल्सच्या दारी ती तेरा वर्षांत आली.

दुसऱ्याच्या नावावर हुंडी लिहिणारेही असतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीसाठी स्पिरिदिओने रोमा नावाच्या चित्रकाराने १७७८ साली एक छतचित्र केले. ती कचेरी पुढे पाडली गेली. चित्र आता तेथील परराष्ट्र खात्याच्या इमारतीत आहे. उंच खडकावर गौरवर्णी ब्रिटानिया बसली आहे आणि पूर्वेकडील देश खाली वाकून रत्ने, मोती, चिनी मातीचे भांडे तिला अर्पण करीत आहेत. व्यापाराचा देव मर्क्युरी त्यांना वाट दाखवितो. चित्राचे नावच 'पूर्व आपली संपत्ती ब्रिटानियास अर्पण करते' अशा अर्थाचे आहे. आम्हां सुरतकरांस हे चित्र परके नाही. कंपनीची हिंदुस्थानातील पहिली कायम वखार आमच्या गावात १६१३ साली सुरू झाली. १७५९ साली कंपनीने आमचा किल्ला घेतला. आणि ६ मार्च १७७५ रोजी रघुनाथरावांनी कंपनीशी केलेला तह 'सुरतेचा तह' म्हणूनच इतिहासात नोंदला गेला. साष्टी आणि वसई कंपनीस देण्याचे त्यात कबूल केले होते. त्या तहातून जे युद्ध पेटले ते १७८२ पर्यंत चालले. म्हणजे रोमाच्या कुंचल्याखाली पूर्वदेश नम्रपणे मोती वाहत होते तेव्हा इकडे रक्त वाहत होते. 'अर्पण' ह्या एका शब्दात किती गोष्टी लपविता येतात! तथापि सर्वच दोष चित्रकाराच्या माथी मारता येत नाही. रघुनाथरावांनी वसई 'देऊ केली' होती, हेही खरे. खोट्या रूपकासाठी कधी कधी वाकणारी पाठ आपल्यातलीच मिळते.

आता पुन्हा बडोद्याकडे वळू.

नंदलाल बसू बडोद्यास आले त्याच्या जरा आधी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, ते आमच्याच सुरत जिल्ह्यात येऊन गेले होते. हरिपुऱ्यास सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्यासाठी गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी चित्रफलक केले. त्यांत ढोल वाजविणारा, चांभार, सुतार, कांडण करणाऱ्या बायका अशी रोजच्या वावरातील माणसे आहेत. कलावंताचे चित्र पाहण्यासाठी खेडुतास राजवाड्यात जावे लागू नये, ते त्याच्या वाटेवर असावे, हा त्यामागचा विचार. तोच हात वर्षाभरात एका संस्थानिकाच्या स्मारकात रंग कालवू लागला. काहींस ह्यात विसंगती वाटेल. आम्हांसही प्रथम वाटली. भिंती नीट पाहिल्यावर ती राहिली नाही.

गंगावतरणाचे चित्र पूर्वजांच्या स्मारकात असणे स्वाभाविक दिसते. भगीरथाने पितरांसाठी गंगा आणली, सयाजीरावांनी पितरांसाठी मंदिर बांधले. साम्य सरळ आहे आणि स्तुतिपाठक तेथेच थांबेल. पण ही कथा पुरती आठवून पाहावी. सगराच्या साठ हजार पुत्रांची राख का झाली? अश्वमेधाच्या घोड्याचा शोध घेताना त्यांनी निरपराध कपिलमुनींवर चोरीचा आळ घेतला, सत्तेच्या मदात त्यांचा अपमान केला. भगीरथाचे पूर्वज अपराधी होते. अंशुमान आणि दिलीप ह्या दोन पिढ्या प्रयत्न करून गेल्या आणि तिसऱ्या पिढीने ते काम पुरे केले. भगीरथाने पूर्वजांचे पोवाडे रचले असते तर राख राखच राहिली असती. 'आमच्या वाडवडिलांच्या हातून अपराध घडला आहे' हे मान्य केल्यावाचून गंगेची गरजच उत्पन्न होत नाही.

हे लक्षात घेऊन गायकवाड घराण्याकडे पाहावे. खंडेरावांनी मोत्यांची चादर करविली. त्यांच्यामागून आलेल्या मल्हाररावांस १८७५ साली गादीवरून दूर करण्यात आले. त्यात इंग्रजांचे राजकारण होते हे खरे, आणि कारभार बिघडला होता हेही खरे. त्यानंतर नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळास दत्तक घेऊन सयाजीराव करण्यात आले. १८९३ साली अमरेलीत सुरू झालेले आणि १९०६ साली सर्व राज्यात लागू झालेले सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आपल्या प्रत्येक घरी अभिमानाने सांगितले जाते. ते दत्तकाने आणलेले पाणी होते, असे म्हणता येईल. मात्र पाणी कोणत्या राखेवर घातले गेले, हे आपण मुलांस सांगत नाही.

मीरेविषयी थोडक्यात. राजवाडा सोडून गेलेली ही राणी राजघराण्याच्या स्मारकात उभी आहे. तिला विष ज्यांनी पाठविले ते तिच्या सासरचेच, असे परंपरा सांगते. शेवटी ती द्वारकेस मूर्तीत विलीन झाली अशी श्रद्धा आहे. आणि ती द्वारका, ते ओखामंडळ, पुढे गायकवाडांच्याच राज्यात आले. एका राजकुळाने जिला जगू दिले नाही तिच्या अखेरच्या क्षेत्राचे दुसरे राजकुळ रखवालदार झाले, आणि त्याने तिला आपल्या घरात भिंत दिली. ह्याहून अधिक येथे बोलावयास नको.

आम्ही सर्वाधिक वेळ थांबलो ते नटीच्या भिंतीपाशी. मूळ कथा बौद्ध. तिच्यावर रवींद्रनाथांनी १९२६ साली 'नटीर पूजा' हे नाटक लिहिले. मगधाचा राजा अजातशत्रू ह्याने बुद्धपूजा बंद केली. श्रीमती नावाची राजनर्तकी पूजा करू इच्छिते असे कळताच तिला आज्ञा झाली की, पूजेच्याच जागी तू नाच कर. हेतू तिच्या विटंबनेचा. ती नाचली. नाचता नाचता एकेक अलंकार तिने उतरवून ठेवला, भरजरी वस्त्र गळून पडले, आत भिक्षुणीचे वस्त्र होते. आज्ञा तिने अक्षरशः पाळली आणि त्याच पाळण्यातून मोडली. तिचा वध झाला.

आपल्या घरांतून एक शब्द फार मोलाचा मानला जातो: खाल्ल्या मिठाला जागणे. आपले पूर्वज गायकवाडांच्या, लहानमोठ्या संस्थानिकांच्या, पुढे रेल्वेच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या नोकरीनिमित्त ह्या मुलखात आले. परमुलखात निष्ठा हेच त्यांचे भांडवल होते. तेव्हा श्रीमतीविषयी प्रश्न विचारणे आम्हांस भाग आहे. तिने राजाचे मीठ खाल्ले होते, अंगावरचा एकेक दागिना राजाचा होता. ती मिठाला जागली की नाही?

एक उत्तर असे की, धर्म राजाहून मोठा. हे उत्तर खरे असले तरी सोपे आहे; मेलेल्या नर्तकीविषयी ते सहज देता येते. आम्हांस वाटते, तिचे दागिने उतरविणे बारकाईने पाहिले पाहिजे. राजाचे जे होते ते तिने परत केले. नृत्य मात्र राजाचे नव्हते, ते राजाने विकत घेतले आहे असा राजाचा समज होता. मिठाची परतफेड कोठवर होते आणि कोठून पुढे मीठ लागू होत नाही, ती रेषा तिला ठाऊक होती. आपल्या नीतिविचारात मिठाला जागण्याच्या कथा विपुल आहेत. त्या रेषेच्या कथा थोड्या. आणि जो चित्रकार हे रंगवीत होता तोही त्या वेळी एका राजाचे काम करीत होता. हरिपुऱ्याचा नंदलाल आणि बडोद्याचा नंदलाल एकच आहेत हे आम्हांस ह्या भिंतीपाशी पटले.

येथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो आमच्यातीलच एकाने घेतला. हे विषय नंदलालांच्या नेहमीच्या भात्यातील होते. नटीचे चित्र त्यांनी बडोद्याच्या आधी शांतिनिकेतनात चीनाभवनात केलेच होते. शिवाय सयाजीराव फेब्रुवारी १९३९ मध्ये निवर्तले. चित्रे पुरी झाली ती प्रतापसिंहरावांच्या कारकिर्दीत. मग राजाने आपल्याच भिंतीवर आत्मपरीक्षण मांडले, हा अर्थ आपण पदरचा घालीत नाही काय? आक्षेप वजनदार आहे. राजाने असे योजिले होते, असा आमचा दावा नाही. परंतु चित्राचा हेतू आणि चित्राची जबाबदारी ह्या दोन गोष्टी आहेत. हेतू रंगविणाराचा, जबाबदारी ज्याच्या भिंतीवर चित्र राहते त्याची. अजातशत्रू असता तर ही भिंत दुसऱ्या दिवशी चुन्याने पोतली गेली असती. येथे ती पोतली गेली नाही.

चौथी भिंत अभिमन्यूची, १९४५-४६ ची. महायुद्ध नुकतेच संपलेले. राजपुत्रास व्यूहात शिरता येते, बाहेर पडता येत नाही, आणि त्याला घेरणारे सारे आप्त आणि गुरुजन आहेत. तीन वर्षांनी, १ मे १९४९ रोजी, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. चित्रकारास हे कोठून ठाऊक असणार? भिंतीला मात्र ते लागू पडले.

परतीच्या गाडीत बोलणे अपरिहार्यपणे सुरतेवर आले. १६६४ आणि १६७० ह्या दोन सालांचे आपण काय करतो? आपल्या घरी ती पराक्रमाची साले आहेत; स्वराज्याचा खजिना आणि मोगलांस दिलेला शह. आपल्या शेजारच्या घरी, ज्यांच्या ओट्यावर आपली मुले खेळली, तीच साले जळालेल्या पेढ्यांची आहेत. दोन्ही खरे आहे. दोनशे वर्षे आपण एकमेकांच्या लग्नांत जेवलो आणि हा विषय कोणीच काढला नाही. बहुधा शहाणपणाने, कदाचित भिडेने. आपले छत आणि त्यांचे छत निराळे, आणि मान वर करून प्रत्येकजण आपापले पाहतो. आमच्या वृद्ध मित्रांनी ह्या बोलण्यात भाग घेतला नाही. ते भरुच येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होते आणि नर्मदेच्या पुलावर सवयीप्रमाणे त्यांनी हात जोडले.

महिन्याभराने त्यांनी कुलवृत्तान्ताचे पहिले प्रकरण आमच्याकडे पाठविले. त्यांचे पणजोबा बडोद्याकडे येण्यापूर्वी एका लहानशा संस्थानात कारकून होते. चोख वसुलीबद्दल दरबारने त्यांस शेला देऊन गौरविले, असे त्या प्रकरणात आहे. शेला घरात अजून जपून ठेवलेला आहे आणि तो आम्हीही पाहिला आहे. त्या प्रकरणासोबत या खेपेस आणखी एक पान होते. मोडीतल्या जुन्या कागदाचे त्यांनी स्वतः केलेले बाळबोध लिप्यंतर. संवत १९५६, म्हणजे गुजराथेत ज्याला अजून 'छप्पनियो' म्हणतात त्या दुष्काळाचे साल. सारा थकल्यामुळे केलेल्या जप्तीची ती यादी आहे, पणजोबांच्या हातची. तांब्याचा हंडा एक. पितळी ताटे तीन. जाते एक. बैल एक, 'अशक्त' असा शेरा. पुढे खातेदारांची नावे. शेला ज्या वसुलीबद्दल मिळाला ती ही वसुली. सोबतच्या चिठ्ठीत त्यांनी एवढेच लिहिले होते: "दोन्ही छापावे. शेला आधी, यादी नंतर. खातेदारांची नावे मात्र गाळावीत."

चारच दिवसांत त्यांच्या धाकट्या बंधूंचा फोन आला. दादांचे वय झाले आहे, घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडण्याची ही वेळ नव्हे, मुलांची लग्ने व्हावयाची आहेत, प्रकरण छापा, यादी परत पाठवा, असे त्यांचे सांगणे. त्यांचाही राग आम्हांस अन्यायाचा वाटला नाही. आम्ही दोघांनाही कळविले की, दोघांनी बसून ठरवावे. अजून ठरलेले नाही. पुढच्या अंकाचा मजकूर पंधरा दिवसांत मुद्रकाकडे जावयाचा आहे. शेल्याचे पान आणि यादीचे पान, दोन्ही एकाच टाचणीने लावून आमच्या टेबलावर ठेवली आहेत.